नवस आईने केला, फेडायचा कोणी?

पत्र, थोडक्यात आणि ओळख झाकून: पिंपरी-चिंचवड भागात राहणाऱ्या एका आईने लिहिलं आहे. मूळ गाव नगर जिल्ह्यातलं, घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. थोरला मुलगा चार वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला. डॉक्टर "आत्ता काही सांगता येत नाही" म्हणाले, तेव्हा आयसीयूबाहेरच्या जिन्यात गुडघे टेकून तिने देवाला सांगितलं, "हा वाचला तर याला तुझ्या सेवेला देईन." मुलगा वाचला. नवसाची गोष्ट तिने एकट्या नणंदेला सांगितली, नवऱ्यालासुद्धा नाही. आज मुलगा वीस वर्षांचा आहे, हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मनात आलं तर चर्चला येतो. त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. मध्यंतरी दुचाकी घसरून त्याचं मनगट मोडलं. नणंद म्हणाली, "देवाचं देणं राहिलंय, हा पहिला इशारा समज." तिथून विषय घरोघरी भरणाऱ्या गुरुवारच्या कॉटेज प्रार्थनेत गेला, मग पाळकसाहेबांच्या कानावर, आणि एका रविवारी उपदेशात देवाशी खोटं बोलून जागीच मेलेलं बायबलमधलं जोडपं, हनन्या आणि सप्पीरा, आलं. नवऱ्यालाही आता कळलं आहे, तो म्हणतो, "मला विचारलं होतंस का?" आई विचारते: मुलाला सांगू का? बायबल कॉलेजला जा म्हणून गळ घालू का? की शब्द मोडला म्हणून जे होईल ते सोसू? तिने चर्चमध्ये प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस) घेणं थांबवलं आहे. रात्रीची झोपही उडाली आहे.

ताई, सलाम.

आधी मनगटाचं बोलू, कारण तुमची बाकी सगळी भीती त्याच्यावर उभी आहे. तुम्हीच लिहिलंय की त्या दिवशी पाऊस होता, रस्त्याचं काम चालू होतं, गाडीचा मागचा टायर गुळगुळीत झाला होता आणि चिरंजीव घाईत होते. हाड मोडायला एवढी कारणं पुरेशी आहेत. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, हे येशूने स्वतः सांगितलं. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? उत्तर आलं, कोणाचंच नाही. नणंदबाईंचा प्रश्न हा त्या शिष्यांचाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर दोन हजार वर्षांपूर्वी देऊन झालेलं आहे. शिवाय जरा विचार करा, आईने दिलेला शब्द राहिला म्हणून देव सोळा वर्षं थांबतो आणि मग मुलाचा हात मोडतो? असा हिशेब ठेवणारा आपल्याकडे वसुलीवाला असतो.

आता नवसाकडे येते. तुम्ही पत्रात हन्नेचं नाव तीन वेळा घेतलंय, म्हणून तिचीच गोष्ट नीट वाचू. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचे सुरुवातीचे तीन अध्याय आज रात्री, मोबाइल बाजूला ठेवून, सलग वाचा. आपण उपदेशात पहिला अध्याय ऐकतो, मातृदिनाला दुसऱ्यातलं तिचं गीत ऐकतो, आणि तिसरा संडे स्कूलच्या मुलांसाठी सोडून देतो. तुमचं उत्तर त्या तिसऱ्यात आहे.

मूल झालं तर देवाला देईन असा हन्नेने नवस केला, शमुवेल झाला, दूध तोडल्यावर तिने त्याला शिलोला नेऊन एली याजकाच्या हाती दिलं. इथे तिचा नवस फिटला. आई म्हणून तिच्या हातात होतं ते तिने केलं. पण शमुवेल संदेष्टा झाला तो या नवसामुळे नाही. मुलगा मंदिरात झोपलेला असताना रात्री हाक आली. तो उठून एलीकडे पळाला, असं तीनदा झालं. शास्त्र तिथे स्पष्ट लिहितं की शमुवेलाला तोवर परमेश्वराची ओळख झालेली नव्हती. म्हणजे आईने वाहिलेला, मंदिरात वाढलेला मुलगा, आणि तरी ओळख नाही! ओळख झाली ती देवाने त्याला त्याच्या नावाने बोलावलं आणि त्याने स्वतःच्या तोंडाने "बोल, तुझा दास ऐकत आहे" म्हटलं तेव्हा. त्या रात्री हन्ना रामात आपल्या घरी होती. तिला कोणी विचारलंही नाही.

आणि पुढे याच शमुवेलाने म्हातारपणी आपल्या मुलांना इस्राएलावर न्यायाधीश नेमलं, तर ती लाच खाऊ लागली. एलीच्या मुलांचं तर विचारूच नका. एकाच पुस्तकात दोन घरांची अशी उदाहरणं असताना, सेवा मुलांच्या गळ्यात घालता येते असं आपल्याला का वाटत राहतं, हे मला अजून कळलेलं नाही. आपल्या मंडळ्यांमध्येही पहा. वडिलांच्या हट्टापायी पाळक झालेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. वेदीवर उभी राहतात, पण कोणाच्या घरी मयत झालं की त्यांना जायचा कंटाळा येतो.

म्हणून माझं म्हणणं असं. तुम्ही देवाला तुमच्या मालकीची वस्तू देऊ शकत होता, आणि मुलगा तुमच्या मालकीचा कधीच नव्हता. तुमचा होता तो त्याच्यावरचा हक्क. हा माझ्याजवळ राहील, मी सांगेन ते शिकेल, म्हातारपणी मला पाहील, हा हक्क. हन्नेने तोच सोडला. तुम्ही आज त्याला बळेबळे बायबल कॉलेजात घातलंत तर तुम्ही त्याला देवाला दिलं असं होत नाही. उलट सोळा वर्षांपूर्वी सोडलेला हात तुम्ही पुन्हा घट्ट धरला असं होतं. नवस पाळायचाच असेल तर तो त्याला मोकळं सोडण्यानेच पाळला जाईल. हे मी पळवाट म्हणून सांगत नाहीये. मोकळं सोडणं हे गळ घालण्यापेक्षा अवघड आहे.

आपल्या मंडळीचीच रीत पहा ना. बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा आईबाप आणि धर्ममातापिता त्याच्या वतीने वचनं देतात. म्हणून त्याच्या दृढीकरणाच्या, म्हणजे मोठेपणी विश्वास स्वतः कबूल करण्याच्या, वेळी कोणी म्हणतं का, की आईने दिलंय वचन, तू गप्प बस? त्याला स्वतःला समोर उभं करून विचारतात आणि त्याचं उत्तर त्यालाच द्यावं लागतं. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीचंही तेच. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, कसं आलं ते अर्जदाराने स्वतः सांगायचं असतं. तिथे तुमचा मुलगा काय सांगणार, "आईचा नवस होता"?

जुन्या कराराला ही अडचण ठाऊक होती. लेवीय या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय आपण सहसा वाचत नाही, रुक्ष वाटतो. पण तो नेमका तुमच्यासारख्यांसाठी आहे. कोणी नवसात माणूस वाहिला तर काय करायचं, याचं त्यात दरपत्रकच आहे. वीस ते साठ वर्षांच्या पुरुषामागे पन्नास शेकेल (जुनं वजन) रुपं, स्त्रीमागे तीस, आणि एक महिना ते पाच वर्षांच्या मुलामागे पाच शेकेल. ते पवित्रस्थानाला द्यायचे आणि माणूस मोकळा. एवढंही झेपत नसेल तर याजकाने ऐपत पाहून रक्कम ठरवायची. तुमचा मुलगा चार वर्षांचा होता, म्हणजे पाच शेकेल! हे दर आज कोणी लावावेत असं मी म्हणत नाही, आणि त्यात बायकांचा भाव कमी धरलाय हेही माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. पण माणसं जिवाच्या आकांताने काहीही बोलून जातात, हे नियमशास्त्राने धरून चाललेलं आहे. शब्द वाऱ्यावर सोडून द्यायचा नाही, आणि त्याच्यापायी माणूसही भरडायचा नाही, म्हणून मधला रस्ता करून ठेवलाय.

जुन्या करारातल्या इफ्ताह सरदाराने तो रस्ता घेतला नाही. लढाई जिंकून परतलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करीन, असं तो बोलून बसला आणि खंजिरी वाजवत बाहेर आली ती त्याची एकुलती एक मुलगी. यहुदी गुरूंच्या जुन्या भाष्यात यावर एक झोंबणारी गोष्ट आहे. फिनहास याजक त्याला नवसातून मोकळं करू शकला असता. पण इफ्ताह म्हणाला, मी सरदार, मी कशाला त्याच्या दारी जाऊ? फिनहास म्हणाला, मी महायाजक, मी कशाला जाऊ? दोघांच्या मोठेपणात पोरीचा जीव गेला. तुमचे पाळकसाहेब आणि तुमच्या घरातले वडीलधारे यांनी ही गोष्ट एकदा एकत्र बसून ऐकावी, असं मला फार वाटतं.

हनन्या आणि सप्पीरा यांचा दाखला मात्र इथे मुळीच लागू पडत नाही, हे पाळकसाहेबांचा मान राखून लिहिते. येशूचा शिष्य पेत्र याने हनन्याला विचारलं होतं की जमीन विकण्याआधी तुझीच होती ना, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता ना? म्हणजे द्यायची सक्ती नव्हती. त्यांचं पाप हे की त्यातले काही पैसे दडवून "हे सगळंच आहे" असं सांगितलं. तुम्ही काय दडवलंत? तुम्ही तर झोप सोडून बसलाय.

तुमच्याबरोबर आणखी एकाची आठवण काढते. १५०५ सालच्या जुलैत जर्मनीत श्टॉटर्नहाइम गावाजवळ वीज कोसळली आणि रस्त्याने चाललेला मार्टिन ल्यूथर नावाचा विद्यार्थी ओरडला, "संत अन्ना, वाचव, मी संन्यासी होईन!" दोन आठवड्यांत तो एरफुर्टच्या मठात दाखल झाला. वडील भयंकर रागावले, आईबापाचा मान राख ही आज्ञा तू वाचली नाहीस का, म्हणाले. १५२१ साली ल्यूथरने संन्यासाच्या नवसांवर ग्रंथ लिहिला, तो वडिलांनाच अर्पण केला आणि त्यात मान्य केलं की मरणाच्या भीतीने वेढलेला असताना तो शब्द माझ्या तोंडून निघाला होता. विजेखाली काय आणि आयसीयूच्या जिन्यात काय, तिथे माणूस करार करत नसतो, तो टाहो फोडत असतो. देव टाहो ऐकतो. त्यातल्या कलमांवर बोट ठेवून बसत नाही, असा माझा विश्वास आहे.

म्हणून काहीच करायचं नाही का? तसंही नाही. "जाऊ दे, देवाला समजतं" म्हणून विषय मिटवलात तर तो तुमच्या मनातून जाणार नाही, पुढचं आजारपण आलं की पुन्हा वर येईल. त्याला रीतसर मोकळं करा. आधी कागदावर तेव्हा काय बोलला होता ते आठवेल तसं लिहा. बहुतेकांच्या बाबतीत मूळ वाक्य लहान असतं आणि वर्षानुवर्षांच्या भीतीने त्याला फांद्या फुटलेल्या असतात. "तुझ्या सेवेला देईन" असं तुम्ही म्हणालात. "पाळक करीन" हे मला तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही, ते नंतर नणंदबाईंनी जोडलेलं दिसतंय. मग नवऱ्याला घेऊन पाळकांकडे जा. त्याचा प्रश्न रास्त आहे, त्याची माफी मागा, आणि या खेपेला त्याला वगळू नका. पाळकांना सांगा की माझ्याकडून हा शब्द गेला, मुलावर मी तो लादणार नाही, मला यातून मोकळं करणारी प्रार्थना करा. ते ऐकत नसतील तर मंडळीतले एखादे जाणते पंच किंवा जवळच्या मंडळीचे निवृत्त पाळक यांना मध्ये घ्या. एकट्याने भांडायला जाऊ नका.

कॅथलिक वाचकांसाठी इथेच सांगून टाकते, कारण वसईकडून अशी पत्रं नेहमी येतात. तुमच्याकडे याची सोय कायद्यातच आहे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार नवस फक्त करणाऱ्यालाच बांधतो, दुसऱ्याला नाही. योग्य कारण असेल तर खासगी नवसातून मोकळीक तुमचे धर्मग्रामाचे फादरसुद्धा देऊ शकतात, त्यासाठी बिशपांपर्यंत जायची गरज नाही. आणि बोललेल्याच्या तोडीचं किंवा त्याहून चांगलं काही करणार असाल तर तो बदल तुम्ही स्वतःही करू शकता. माहीमच्या चर्चला नऊ बुधवार जाण्याच्या नवसातले सहा झाले आणि बाळंतपण आलं, म्हणून घाबरून पत्र लिहिणाऱ्या ताईंनी हे वाचावं, रविवारच्या मिस्सानंतर फादरना गाठावं, आणि बाळाला घेऊन निवांत राहावं.

आता मुलाला सांगायचं का? सांगा. कॉटेज प्रार्थनेतल्या दहा-बारा जणींना ठाऊक असलेली गोष्ट त्याला बाहेरून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे. पण वेळ आणि वाक्य जपून निवडा. भांडणाच्या भरात नको, परीक्षेच्या तोंडावर नको, तो चर्चला आला नाही त्या रविवारी तर नकोच. आणि शेवट आधी सांगा. "तुझ्यावर यातलं काहीही बंधन नाही, बाबा आणि मी पाळकांकडे जाऊन आलोय," इथून सुरुवात करा. मग जिन्यातली रात्र. उलट क्रमाने सांगितलंत तर पहिल्या वाक्यालाच तो बिल हातात पडल्यासारखा ताठ होईल. नीट सांगितलंत तर त्याला एवढंच कळेल की आई आपल्यासाठी त्या रात्री कुठवर गेली होती. तो हसेल, चिडेल किंवा नुसतं "बरं" म्हणून मोबाइल पाहत बसेल. वीस वर्षांच्या मुलाकडून यापेक्षा जास्त लगेच मागू नका. आणि सांगून झाल्यावर पुन्हा तो विषय काढू नका, जेवताना सूचक उसासेही नकोत. देवाला त्याला बोलवायचं असेल तर त्याच्याकडे मुलाचा पत्ता आहे. हॉटेलच्या भटारखान्यातही तो सापडेल.

तुमचं स्वतःचं देणं मात्र द्या. सेवा तुमच्या तोंडून निघाली होती, ती तुमच्या हातून होऊ दे. ज्या वॉर्डाबाहेर तुम्ही बसला होता तिथे आज दुसऱ्या आया बसलेल्या असतात, आणि बाहेरगावहून आलेल्यांची पहिली अडचण प्रार्थना नसते. अंघोळ कुठे करायची, फोन कुठे चार्ज करायचा, दोन घास गरम कुठे मिळतील, ही असते. आठवड्यातून एक दिवस डबा नेऊन द्या. तेही जमणार नसेल तर सेमिनरीत शिकणाऱ्या एखाद्या गरजू मुलाच्या वर्षभराच्या पुस्तकांचा खर्च उचला. ज्याला खरंच पाचारण आहे अशाला तुमच्या नवसाचा उपयोग होईल. ऐपत पाहून ठरवा, नवऱ्याशी बोलून ठरवा आणि मुदत घाला. एक वर्ष, बस. बिनमुदतीचे नवस पुन्हा छळतात.

प्रभुभोजनाचं ऐका. पौलाने करिंथकरांना लिहिलं की माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून लांब बसावं असं त्याने लिहिलेलं नाही. तुमची परीक्षा गरजेपेक्षा जास्तच झाली आहे. पुढच्या खेपेला जा. झोपेचं मात्र मी प्रार्थनेवर सोडणार नाही. इतके दिवस झोप नाही, एकच विचार फिरून फिरून येतो, म्हणजे डॉक्टरांना दाखवायलाच हवं. काही जणांना देवाला दिलेल्या शब्दांची अशी धास्ती सतत लागून राहते. मनातल्या मनात नवे नवस होत राहतात, एक चुकला की त्याची भरपाई म्हणून दुसरा. हा आजार असतो, त्याला औषध आणि समुपदेशन आहे, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्याने विश्वास कमी होत नाही.

इतरांची छोट्या शब्दांची पत्रं साठली आहेत, त्यांना दोन ओळी. रोज पहाटे चारला उठून प्रार्थना करीन असं वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत म्हणालात आणि तेरा जानेवारीला मोडलं, तर सहाला उठा. जाहीर साक्ष देण्याआधी महिनाभर गुपचूप पाळून पहा. सुगीच्या सणाच्या लिलावात एका भोपळ्याला भावाच्या भरात हजाराची बोली लावून नंतर खजिनदाराला चुकवणाऱ्यांनी मात्र पैसे देऊन टाकावेत, तिथे कसली सवलत नाही. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, मंडळीला कबूल केलाय आणि घरी आईच्या इन्सुलिनचे पैसे नाहीत, असं एका भावाने लिहिलंय. भाऊ, आधी इन्सुलिन. देवाला वाहिलं असं सांगून आईबापाला उपाशी ठेवणाऱ्यांवर येशू किती कडक बोलला ते मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. दशांश पुढच्या पगारवाढीपासून, थोड्यापासून सुरू करा. आणि नवस केलाच नाही तर तुम्हाला दोष लागणार नाही, असं बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात मोशेनेच सांगून ठेवलंय. ते वचन कोणी फळ्यावर लिहीत नाही, एवढंच.

ताई, राहिल्या नणंदबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. सोळा वर्षं त्यांनी तुमचं गुपित सांभाळलं आणि भाच्याचा हात मोडल्यावर त्याही घाबरल्या. पाळकांकडे जाल त्या दिवशी त्यांनाही बरोबर न्या, म्हणजे काय ठरलं ते त्या स्वतःच्या कानांनी ऐकतील आणि गुरुवारी पुढे तेच सांगतील.